काडतुसाचा दागिना आणि पंचशील

रोवणा आटोपून पंधरा-वीस दिवस झाले होते. वर्षावास चालू असल्यामुळे सडक-अर्जुनी तालुक्यातील आमच्या एका खेड्याच्या विहारात रोज सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होत असे. त्या दिवशीचे वाचन संपले, सरणत्तय झाले, मंडळी उठू लागली, तेव्हा एक वृद्ध उपासिका पुढे आल्या. पदराखालून त्यांनी एक टीचभर डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवीत म्हणाल्या, “गुरुजी, हे आमच्या नातीनं लग्नात घालाव का नाई, तेवढं सांगा बाप्पा. यापायी घरात दोन दिवस झाले कोणी कोणाशी बोलत नाई.”

डबीत कापसावर पितळेच्या दोन कुड्या होत्या. रुपयाच्या नाण्याहून लहान, गोल, उत्तम झळाळी आलेल्या. प्रत्येकीच्या मध्यभागी एक टिकली आणि त्या टिकलीत दाभणाने टोचल्यासारखा खळगा. कडेने बारीक इंग्रजी अक्षरे उठलेली. मी प्रथम ओळखले नाही. दिव्याखाली धरून ‘के’ आणि ‘एफ’ ही दोन अक्षरे व ७१ हा आकडा वाचला तेव्हा उमगले. बंदुकीच्या काडतुसाची ती बुडे होती. ‘के एफ’ म्हणजे इंग्रजांच्या तोंडची किर्की फॅक्टरी, पुण्याजवळचा आपला खडकीचा दारूगोळा कारखाना. तो १८६९ सालापासून चालू आहे. आकडा म्हणजे काडतूस तयार झाल्याचे साल.

कुटुंबाची हकीकत थोडक्यात अशी. या घराने तीन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली. उपासिकांचे यजमान पलटणीत होते. ते वारले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत पदके, एक घडी केलेली कांबळ आणि पत्र्याच्या डब्यात अकरा काडतुसे निघाली. त्यांतल्या दहा रिकाम्या पुंगळ्या होत्या, एकीला पुढची गोळी तशीच होती. नातू नागपूरला हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. धाकट्या बहिणीचे लग्न दिवाळीनंतर ठरले आहे. कर्ज काढून सोने घ्यायचे नाही, असे त्याने घरात ठामपणे सांगितले. (सावकाराच्या वहीत नाव घालून मुलीच्या गळ्यात मणी घालणारी किती घरे मी पाहिली आहेत! एवढ्या एका गोष्टीसाठी त्या मुलाचे अभिनंदन केले पाहिजे.) मग त्याने आबांच्या पुंगळ्यांपैकी दोन घेतल्या, बुडे कापली, कडा घासल्या, मागे तार बसविली आणि बहिणीसाठी कुड्या केल्या. जिला गोळी तशीच होती ते अख्खे काडतूस तारेत बांधून त्याने काळ्या गोफात स्वतःच्या गळ्यात घातले.

आजीचे म्हणणे, “कोनाचा जीव गेला असन याच्यानं, आन् ते पोरीच्या कानात?” नुकतेच श्रामणेर शिबिर करून आलेले एक उपासक तिथेच होते. त्यांनी तत्काळ सांगितले की, तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत पहिलाच सत्थवणिज्जा, म्हणजे शस्त्रांचा व्यापार आहे, तेव्हा ही वस्तू घरात ठेवणेसुद्धा धम्मबाह्य होय. नातू दाराशी उभा होता. तो तेथूनच म्हणाला, “धातूले का जात रायते, गुरुजी?”

विहार एकदम शांत झाला. मी रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे जे लिहीत आहे ते त्या चार दिवसांत आणि नंतर मनात घोळलेले विचार आहेत.

प्रथम आजीचा मुद्दा. बोलण्यात तो भीतीचा वाटला तरी त्याच्या मुळाशी विटाळ आहे. या धातूचा संबंध मृत्यूशी आला, म्हणून तो अपवित्र, आणि तो अंगाला लागला तर अंगही अपवित्र, असा तो विचार. हा विचार आपल्या ओळखीचा आहे. मेलेले ढोर ओढणाऱ्या माणसाला याच तर्काने गावाबाहेर ठेवले गेले. हातून काय झाले हे न पाहता कशाला हात लागला हे पाहिले गेले. सुत्तनिपातात वसलसुत्त आहे. अग्गिक भारद्वाज ब्राह्मणाने भिक्षेला आलेल्या तथागतांना ‘वसल’ म्हणजे हीन म्हणून दुरूनच थांबविले. तेव्हा तथागतांनी त्याला सांगितले ते एवढेच की, कोणी जन्माने हीन होत नाही आणि जन्माने ब्राह्मणही होत नाही, कर्माने होतो. माणसाला जो न्याय लागू, तो पितळेला का लागू नये? या बाबतीत नातवाचा प्रश्न बिनतोड आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे.

पितळेचेच पहा. काडतुसाच्या पुंगळीत साधारण सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. असे पितळ मऊ असून चिवट असते. दारू पेटली की ते फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, जोर ओसरला की पुन्हा सुटते. अशाच तांब्या-जस्ताच्या मिश्रणाचे भांडे होते. आणि हे आम्ही कोणाला सांगावे? १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण सर्व भंडारा जिल्ह्याचेच होतो, आणि भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. कितीतरी घरांत भंडाऱ्याच्या घागरी, गंगाळी आहेत. त्याच भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला १९६४ पासून आयुधनिर्माणी आहे, तिथे दारू तयार होते. नागपूरला अंबाझरीची आहे, चंद्रपूरकडे भद्रावतीची आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला बंदुकीची काडतुसे होतात, त्यांच्या बुडावर ‘ओ एफ व्ही’ अशी अक्षरे असतात. म्हणजे घागर आणि काडतूस ही आमच्या मुलखाची शेजारी-शेजारी राहणारी भावंडेच आहेत. घागरीच्या पितळेला पुण्य चिकटलेले नाही आणि पुंगळीच्या पितळेला पाप चिकटलेले नाही.

येथे कोणी म्हणेल, सरावाच्या मैदानावर उडविलेल्या गोळ्या मातीच्या बांधात शिरतात, त्यांनी कोणाचा जीव गेलेला नसतो, मग वाद कशाला? बहुतेक पुंगळ्यांच्या बाबतीत हे खरे आहे. परंतु या कुड्यांवर ७१ चे साल आहे. त्या वर्षी डिसेंबरात युद्ध झाले. आबांनी त्या दिवसांबद्दल घरात कधी काही सांगितले नाही, असे आजी म्हणाल्या. तेव्हा मी सोयीची पळवाट घेणार नाही. समजा, या पुंगळीतून सुटलेल्या गोळीने एक माणूस मेला. तरीसुद्धा ते कर्म पितळेचे नाही. चेतना हेच कर्म, असे आपण शिकतो. चेतना ज्याच्या ठिकाणी असेल त्याच्याकडे पाहिले पाहिजे.

आता शिबिरार्थी उपासकांचा मुद्दा. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाचांचा व्यापार उपासकाने करू नये, हे अंगुत्तर निकायात आहे, यात शंका नाही. परंतु जो पुंगळी कापून कुडी करतो तो शस्त्र विकत नाही, शस्त्र मोडतो. त्याला सत्थवणिज्जा म्हणणे म्हणजे तलवार वितळवून विळा करणाऱ्या लोहाराला तलवारीचा व्यापारी म्हणणे होय. या नियमाचा खरा प्रश्न कुडी करणाऱ्यापेक्षा पुंगळी करणाऱ्यापुढे उभा राहतो. आणि येथे माझी लेखणी थांबते, हे कबूल केले पाहिजे. आयुधनिर्माणीत आपले शेकडो बांधव नोकरीला लागले. त्यांच्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पहिला पगार तोच होता. त्यावर मुले शिकली. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार मृत्यू पावले. त्यांच्या दारात जाऊन सम्यक आजीविकेवर प्रवचन करण्याचे धैर्य मला नाही आणि ते असू नये, असेही मला वाटते.

बोधिसत्त्व बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे बजावले आहे. वैशालीचा सेनापती सीह उपासक झाला तेव्हा तथागतांनी त्याला सेनापतिपद सोडण्यास सांगितल्याचा उल्लेख सुत्तात नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. १९४१ साली महार पलटण पुन्हा उभी राहिली, तिच्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. तेव्हा बंदूक हाती धरणाऱ्याला सरसकट अधार्मिक म्हणणे आपल्याला शक्य नाही. आपल्या कित्येकांच्या पाठीचा कणा पलटणीतच ताठ झाला.

मग उत्तर झाले का? धातू निर्दोष, धंदा निर्दोष, घाला कुड्या? मलाही शुक्रवारपर्यंत असेच वाटत होते. परंतु त्या रात्री एक वेगळाच प्रश्न सुचला. आपण सर्वजण पहिल्या शीलावर भांडत आहोत. दुसऱ्या शीलाचे काय?

पलटणीत गोळीबाराचा सराव झाला की रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत द्याव्या लागतात. ती सरकारी मालमत्ता असते. मग अकरा काडतुसे ट्रंकेत आली कशी? अदिन्नादाना वेरमणी, न दिलेले घेऊ नये, हे शील रोज म्हणणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कदाचित युद्धाच्या धुमाळीत मोजणारे कोणी नसेल. कदाचित साहेबाने आठवण म्हणून दिली असतील. आबा हयात नाहीत, आणि मेलेल्या माणसाला चोर ठरविण्याचा अधिकार मला नाही. आजीजवळ हा विषय मी काढलासुद्धा नाही. पण बाजारात जे असे दागिने विकायला येतात, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न फार मोठा आहे, आणि तो केवळ मालकीचा नाही. तो कोणाच्या हातांनी आले याचा आहे.

वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे भीषण आग लागून अधिकारी, जवान व अग्निशामक मिळून पंधराहून अधिक माणसे गेली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्यानंतरची गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच भांडाराच्या सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरविला जात होता. पेट्या उतरवीत असताना स्फोट झाला आणि सहा जण मृत्यू पावले. त्यांत आसपासच्या खेड्यांतले रोजंदारीचे मजूर होते. अशा मैदानावर स्फोटानंतर खड्ड्यांत तांब्या-पितळेचे आणि लोखंडाचे तुकडे उरतात, त्यांना भंगारात भाव येतो, आणि भूमिहीन माणसाला तो भाव दिसतो. ‘निकामी’ हा शब्द आपण दुकानात किती सहज उच्चारतो! परंतु जिवंत दारूगोळा निकामी करायला कोणीतरी त्याला हात लावावा लागतो. तो हात बहुधा आपल्यासारख्याच कोणाचा असतो.

हे आपल्याच देशात आहे असे नाही. लाओस हा बौद्ध देश आहे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्या चिमुकल्या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांत सुमारे सत्तावीस कोटी लहान बॉम्बगोळे होते, आणि त्यांतले आठ कोटींच्या आसपास फुटलेच नाहीत. ते शेतांत, बांधांत, बांबूच्या बेटांत पडून राहिले. नांगर लागला की फुटतात, पोराने उचलले की फुटतात. तेथे शिएंग ख्वांग प्रांतात बान नाफिया नावाचे खेडे आहे. तेथील शेतकऱ्यांनी युद्धानंतर बॉम्बच्या व विमानांच्या अवशेषांतले ॲल्युमिनियम चुलीवर वितळवून, लाकूड आणि राखेच्या साच्यात ओतून चमचे करायला सुरुवात केली. आपल्या घरचा आणि हॉटेलांचा सार त्या चमच्यांनी लोक खाऊ लागले. पुढे परदेशी ग्राहक आले आणि चमच्यांबरोबर बांगड्या, लोलक होऊ लागले. त्या बांगड्या आता अमेरिकेतल्या स्त्रिया हातात घालतात.

मी या बान नाफियाचा बराच विचार केला. ज्याच्या शेतात बॉम्ब पडला त्याने त्याचा चमचा करून भात खावा, यापेक्षा मोठी अहिंसा मला सुचत नाही. मारणाऱ्याच्या वस्तूकडून त्याने जेवण वाढण्याचे काम करून घेतले. त्यात रागही नाही, लाचारीही नाही. बांगडीच्या बाबतीत मात्र मन द्विधा होते. तिच्या पैशाने त्या गावात संसार चालतात, ते मी नाकारीत नाही. पण धातूची मागणी वाढली की धातू शोधायला माणसे कुठे जातात, हे पुलगावने आपल्याला दाखविले आहे. म्हणून कोणी उपासक बाजारातून असा दागिना घेऊ लागला तर मी त्याला रक्ताचा प्रश्न विचारणार नाही, भंगार वेचणाऱ्याचा विचारीन.

आता गळ्यातल्या लॉकेटकडे येतो. कुड्यांपेक्षा मला त्याचीच टोचणी अधिक होती, जरी विहारात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. मुलीच्या कानावर सर्वांचे लक्ष, मुलाच्या छातीवर कोणाचे नाही!

दागिना बोलतो, ही गोष्ट बाबासाहेबांनी आपल्याला फार पूर्वी शिकविली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले की, गळ्यातल्या भाराभर सऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे, चांदीचे दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या. घालायचा तर सोन्याचा घाला, नाही तर मुळीच घालू नका. त्या बायांनी तेथल्या तेथे लुगडी नेसण्याची पद्धत बदलली. कथलात विटाळ होता म्हणून का बाबासाहेब असे म्हणाले? नाही. ते कथील पाहणाऱ्याला काही सांगत होते, आणि घालणारीलाही रोज तेच सांगत होते, की तू खालची आहेस. धातू निर्दोष असूनही दागिना दोषी असू शकतो तो असा. नातवाच्या प्रश्नाचे जे उत्तर मला चार दिवस सापडत नव्हते ते येथे सापडले. धातूला जात नसते हे खरे. आकाराला मात्र भाषा असते.

कुडीचा आकार काय सांगतो? काही नाही. गोल आहे, चकचकीत आहे. जाणकाराने निरखून पाहिले तर कळते, एरवी नाही. पुंगळीचे बूड कापल्यावर ते काडतूस राहिले नाही, पुन्हा होणार नाही. लॉकेटचा आकार मात्र पुष्कळ बोलतो. अख्खे काडतूस, टोकाला गोळी, छातीच्या मधोमध. काळ्या गोफातल्या अशा नकली गोळ्या पोरे जत्रेत विकत घेतात, शर्टाची वरची गुंडी उघडी ठेवतात आणि फोटो काढतात. त्या फोटोत ते काय म्हणतात? मला भ्या. ज्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलपट्टीत, देवरी-सालेकसाकडे, बंदुकीची दहशत लोकांनी वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंनी सोसली, तेथला तरुण हे गळ्यात घालून बाजारात हिंडतो याचे मला फार वाईट वाटते.

अंगुलिमालाचा येथे आठव होतो. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ त्याने गळ्यात घातली होती. तोही एक दागिनाच होता, आणि तोही हेच बोलत होता. तथागतांनी त्या माणसाला जवळ केले, संघात घेतले. त्याचे कुळ पाहिले नाही, त्याची कृत्येही आड येऊ दिली नाहीत. परंतु प्रव्रज्येपूर्वी त्याने तलवार आणि हत्यारे दरीत फेकून दिली, असे सुत्त सांगते. माळ घातलेला भिक्खू अंगुलिमाल कोणी कल्पिलेला नाही. पुढे भिक्षेला गेला असता लोकांनी त्याला दगड मारले, डोके फुटले, पात्र फुटले, तरी त्याने हात उगारला नाही. सम्राट अशोकाने चौथ्या शिलालेखात आपल्या राज्यात भेरीचा घोष हा धम्माचा घोष झाल्याचे कोरविले आहे. तेथेही नगारा फोडलेला नाही, त्याचा घोष बदलला आहे. लॉकेटचा घोष बदललेला नव्हता.

रविवारी मी हे सारे जमेल तसे सांगितले. नातू ऐकून घेऊन म्हणाला, “मंग १ जानेवारीले आपुन भीमा कोरेगावच्या खांबाले सलामी काऊन देतो? तो का चमचा होय?” पोरगा हुशार आहे. मी म्हणालो, खांबावर माणसांची नावे आहेत, मेलेल्यांची आठवण आहे, तुझ्या गोळीवर कोणाचे नाव आहे? तो म्हणाला, “आबाचं.” यावर मला पटकन काही बोलता आले नाही, आणि आजही या प्रश्नाचे पुरेसे उत्तर मजजवळ आहे असे नाही. पराक्रमाची आठवण आणि मारण्याची ऐट यांच्यामधली रेघ मला दिसते, पण ती दुसऱ्याच्या छातीवर मी कशी आखावी?

तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेले एक गृहस्थ उठले. हे जवाहरनगरच्या निर्माणीतून निवृत्त होऊन गावी परतले आहेत, सभेत सहसा बोलत नाहीत. त्यांनी मुलाला जवळ बोलाविले, लॉकेट गळ्यातून काढायला लावले आणि हातात न घेता नुसते उलटे धरून बुडाकडे पाहिले. मग कुडीची डबी मागून घेतली. “हे पाहा,” ते म्हणाले, “कुडीच्या टिकलीत खळगा आहे. घोड्याचा टाचा तेथे बसला, टोपी फुटली, दारू जळली. तुझ्या गळ्यातल्याची टिकली सपाट आहे.”

कोणाला काही कळेना. त्यांनी मुलाला विचारले, हे तू रिकामे केले होतेस का? तो म्हणाला, नाही, आबांनी केले असेल, पन्नास वर्षे ट्रंकेत होते. त्याला चांदीचा डाग देऊन पक्की कडी बसवायची होती, पण लेथखान्यातला गॅसचा दिवा मोकळा नव्हता म्हणून नुसती तार गुंडाळली. गृहस्थ म्हणाले, “दिवा मोकळा नव्हता हे बरं झालं.” टोपी न फुटलेले काडतूस जुने झाले म्हणून मरत नाही. बंदुकीबाहेर ते पेटले तर पुंगळीच फाटते आणि पितळेच्या चिंधड्या डोळ्यांत, गळ्यात शिरतात.

सात महिने तो मुलगा ते छातीवर घेऊन हिंडत होता. बसने नागपूरला जात होता, भट्टीजवळ काम करीत होता. आजी मटकन खाली बसल्या.

पुढचा भाग वाचकांनी लक्षपूर्वक वाचावा, कारण पलटणीच्या ट्रंका पुष्कळ घरांत आहेत. जिवंत काडतूस परवान्यावाचून जवळ ठेवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. ते आजोबांचे होते, हे सांगून सुटका होईलच असे नाही. मुलगा भ्याला. ठाण्यात गेलो तर आत टाकतील, जंगलातल्यांशी नाव जोडतील, असे त्याला वाटले, आणि आमच्या भागात ही भीती निष्कारण आहे असे कोणी म्हणू नये. नदीत टाकून देऊ, असे दोघांनी सुचविले. निर्माणीतले गृहस्थ म्हणाले, नदीत टाकाल तर उन्हाळ्यात ते पोरांच्या हाती लागेल. शेवटी लॉकेट विहाराबाहेर, सावलीत, मोकळ्या जागी ठेवले, पोरांना दूर केले, आणि मी स्वतः ठाण्यात फोन केला. आबांची पलटणीची पुस्तिका आणून ठेविली. दोन तासांनी जीप आली. त्यांनी विचारपूस केली, पंचनामा केला, माझी आणि सरपंचांची सही घेतली आणि काडतूस घेऊन गेले. उरलेल्या आठ पुंगळ्या पाहून तसा कागदावर उल्लेख केला.

एक व्यावहारिक सूचना निर्माणीतल्या गृहस्थांनीच केली, ती येथे नोंदवितो. उडालेल्या टोपीत शिशाचा अंश राहतो. तो कानाच्या छिद्राशी रोज घासला जाणे चांगले नाही. कुड्यांची जुनी टिकली काढून टाकावी, भोक साफ करावे आणि तेथे दुसरे काही बसवावे. ते काम करताना हात धुवावेत, लहान मुलांना जवळ घेऊ नये.

एवढे सर्व झाले तरी एका व्यक्तीला कोणी काही विचारले नव्हते. ती म्हणजे जिच्या कानांत त्या कुड्या जायच्या ती. ती बायांच्या ओळीत शेवटी बसली होती. मी तिला विचारले, “बाई, तुझे काय म्हणणे आहे?”

ती उठून उभी राहिली. “आबा मले शाळेत सोडाले येत,” ती म्हणाली. “मले सोन्याचं काई नाई पायजे. दादानं केलं ते मी घालीन. टिकली काढून टाका. साल मात्र ठेवा.”

नातवाने डबी घेतली आणि खिशात घातली. सोमवारी पहाटेच्या गाडीने तो नागपूरला गेला. टिकलीच्या जागी काय बसवायचे हे त्याने अजून ठरविलेले नाही, लग्नाला अडीच महिने आहेत.